एक कंठ, अनेक पात्रे : पिंगुळीपासून टोकियोपर्यंत आवाजाच्या कारकिर्दीचे विवेचन

१. विषय आणि त्याची व्याप्ती

रंगभूमीवरच्या नटाची कारकीर्द सांगायला साधने भरपूर असतात. छायाचित्रे असतात, भूमिकांची यादी असते, प्रेक्षकांच्या आठवणी असतात. ज्याने आयुष्यभर फक्त आवाज दिला, त्याच्या कारकिर्दीचे मोजमाप अवघड. त्याचे काम ऐकू येते आणि विरते. पात्राचे कौतुक होते, कंठ मागे राहतो. म्हणून या व्यवसायाकडे पद्धतशीरपणे पाहण्याची गरज आहे, आणि त्यासाठी सिंधुदुर्गासारखी जागा नाही. या एका जिल्ह्यात आवाजाच्या अभिनयाचे निरनिराळे प्रकार शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

आवाजाचा नट कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवू. ज्याचा देह प्रेक्षकाच्या दृष्टीने पात्र नसतो, पात्राचे रूप चित्रात, बाहुलीत, पडद्यावर किंवा श्रोत्याच्या मनात असते आणि त्या रूपाला जो वाणी पुरवतो, तो आवाजाचा नट. या व्याख्येने कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावचा ठाकर समाजाचा कलावंत पूर्णार्थाने आवाजाचा नट ठरतो. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कलांत राम, रावण, सीता, मारुती समोर दिसतात. बोलतो मात्र तो एकटा. आकाशवाणीवरचा नट याच वर्गात येतो. दशावतार या जत्रेतल्या लोकनाट्याचा नट स्वतः रंगमंचावर उभा असतो, म्हणून तो या व्याख्येत बसत नाही. तुलनेसाठी मात्र तो फार उपयोगी आहे.

या विवेचनाचा सिद्धान्त थोडक्यात असा : आवाजाची कारकीर्द कंठाच्या गुणाने सुरू होते, पण तिचे आयुष्य ठरते ते त्या कंठाला दरवर्षी, ठरल्या दिवशी, ठरल्या ठिकाणी काम देणाऱ्या व्यवस्थेने. सिंधुदुर्गातील आणि जपानमधील उदाहरणे ताडून हा सिद्धान्त तपासायचा आहे.

२. वर्गीकरण : एककंठी आणि पात्रकंठी

आवाजाच्या अभिनयाचे दोन मूळ प्रकार करता येतात. एकच कलावंत कथेतली सर्व पात्रे आणि निवेदनही सांभाळतो, तो एककंठी प्रकार. प्रत्येक पात्राला स्वतंत्र कंठ असतो, तो पात्रकंठी प्रकार.

चित्रकथी हे एककंठी प्रकाराचे शुद्ध उदाहरण आहे. कागदावर रंगवलेल्या सुट्या चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. एका पोथीत एक आख्यान. चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर कथेकरी एकेक चित्र उचलून प्रेक्षकांसमोर धरतो, पद गातो, प्रसंग समजावतो आणि त्यातल्या पात्रांचे बोलणे बोलून दाखवतो. चित्रातले डोळे मोठे, चेहरे बहुधा एका बाजूने रेखलेले, मुद्रा स्थिर. चेहऱ्यावरचा भाव बदलत नाही. तो बदलल्याचा प्रत्यय आवाजाने द्यायचा असतो. चित्रांच्या आधाराने कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात येतो, इतका हा व्यवसाय जुना आहे.

जपानमध्ये या प्रकाराची दोन रूपे आढळतात. पहिले बुनराकू हे बाहुलीनाट्य. ताकेमोतो गिदायू याने 1684 मध्ये ओसाकात स्वतःचे नाट्यगृह काढले, तेव्हापासून त्याची निवेदनशैली चालत आली आहे. प्रत्येक प्रमुख बाहुलीला तीन माणसे हलवतात, पण सगळ्या बाहुल्यांचे बोलणे बहुधा बाजूच्या फिरत्या चौथऱ्यावर बसलेला एकच निवेदक, म्हणजे तायू, शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीवर बोलतो. दुसरे रूप कामिशिबाई. 1930 च्या सुमारास सायकलवर लाकडी चौकट लादून माणसे गल्लीत येत, लाकडी टिपऱ्या वाजवून मुले जमवीत, खाऊ विकत आणि चौकटीत एकामागून एक चित्र सरकवत गोष्ट सांगत. चित्रकथीशी हिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल असे आहे.

पात्रकंठी प्रकार नभोनाट्याने रूढ केला आणि टोकियोतल्या चित्रमालिकांनी (अ‍ॅनिमेशन मालिकांनी) तो जगभर पोहोचवला. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेत बाळ कुडतरकर यांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी यांचे टेकाडे भावोजी हे तीन आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत कुटुंबीयांसारखे वावरले. श्रोत्यांनी त्यांचे चेहरे पाहिलेले नव्हते, तरी ती माणसे त्यांच्या पुरती ओळखीची झाली होती.

३. साधन : कंठ

आवाजाच्या नटाचे हत्यार शरीरातच असते, त्यामुळे त्याच्या मर्यादा शरीराच्या असतात. स्वरयंत्रातील दोन पडद्यांच्या कंपनाने ध्वनी निर्माण होतो. प्रौढ पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही कंपने सेकंदाला साधारण 100 ते 130, स्त्रीच्या बोलण्यात 200 च्या आसपास, लहान मुलाच्या बोलण्यात त्याहून अधिक असतात. पडद्यांनी दिलेला कच्चा ध्वनी घसा, तोंड आणि नाक या पोकळ्यांत घुमून आकार घेतो. पट्टी पडद्यांवर ठरते, आवाजाचा रंग पोकळ्यांवर ठरतो आणि दोहोंना बळ श्वासाचे असते.

यातून दोन परिणाम निघतात. एक, वय वाढते तसे पडदे बदलतात. म्हातारपणी पुरुषाचा आवाज बहुधा पातळ व किंचित उंच होतो, स्त्रीचा थोडा खाली उतरतो. म्हणजे वीस वर्षांच्या कंठाने मिळवलेली भूमिका सत्तर वर्षांच्या कंठाने करायची, तर निव्वळ निसर्गावर विसंबून चालत नाही. दोन, मुलग्याचा आवाज वयात येताना फुटतो. जपानी चित्रमालिकांत लहान मुलग्यांना स्त्रियांचे आवाज देण्याची रीत पडली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. मालिका वर्षानुवर्षे चालते. मुलगा पडद्यावर मुलगाच राहतो. त्याचा आवाजही तसाच राहायला हवा.

श्वासाचे महत्त्व बुनराकूच्या तायूइतके कोणी ओळखलेले दिसत नाही. तो कमरपट्ट्याखाली पोटाशी वाळूची किंवा कडधान्याची छोटी पिशवी बांधतो आणि बुडाखाली लहानसे लाकडी आसन घेऊन पायांच्या बोटांवर भार देत बसतो. पोटातून श्वास रेटता यावा, एवढ्यासाठी ही सारी बैठक. आपल्याकडे दशावतारी नटाला ही तालीम जत्रेच्या आवारात मिळत आली. ध्वनिक्षेपक नसताना, उघड्या माळावर, दुकाने आणि माणसांच्या कोलाहलातून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, तोही मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. घशातून ओरडणाऱ्याचा आवाज अशा हंगामात टिकत नाही.

४. पात्रभेदाची चार अंगे

एकाच कंठातून अनेक पात्रे कशी निघतात? या प्रश्नाचे उत्तर चार अंगांत देता येते.

पहिले अंग पट्टी : आवाज उंच की खाली. दुसरे घुमारा : ध्वनी छातीत घुमतो, घशात दाटतो की नाकातून येतो. रावणाला छाती, विदूषकाला नाक, ही सर्वपरिचित योजना. तिसरे लय : पात्र किती वेगाने बोलते, कुठे थांबते, वाक्याचा शेवट तोडते की सोडते. चौथे भाषा : शब्दांची निवड आणि बोलीचा बाज.

या चौथ्या अंगाचा सर्वांत समृद्ध वापर दशावतारात आहे. तिथला राजपार्ट आणि ऋषी संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यांची मराठी बोलतात. पूर्वरंगातला संकासूर मात्र थेट मालवणीत येतो आणि त्याच्या पहिल्या वाक्यालाच जत्रा आपली होते. या भाषेला लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरतो, संवाद नट त्या रात्री रचतो. राजपार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट यांपैकी एकात मुरलेल्या नटाजवळ शब्दांचा, दाखल्यांचा आणि लयींचा असा साठा असतो की, समोरच्याने कोणताही मुद्दा काढला तरी उत्तर पात्राच्या तोंडी शोभेल असेच निघते. स्त्रीपार्ट करणारा पुरुष आवाज नुसता बारीक करून थांबत नाही. तो वाक्याची ठेवण आणि थांबण्याची जागा बदलतो, म्हणून द्रौपदी किंवा तारामती खरी वाटते.

चार अंगांचे गणितही बोलके आहे. नुसत्या पट्टीवर विसंबले, तर सहज ओळखू येतील असे खालचा, मधला आणि वरचा एवढे तीनच आवाज हाती लागतात. चारही अंगांत प्रत्येकी तीन पायऱ्या धरल्या, तर 81 वेगवेगळे मेळ होतात. एकट्याने सगळे रामायण बोलणाऱ्या कथेकऱ्याची किमया या गुणाकारात आहे. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पट्टी हे शरीराचे अंग आहे, ते झिजते. लय आणि भाषा ही अभ्यासाची अंगे आहेत, ती वयाबरोबर वाढतात. ज्याची पात्रे पट्टीवर उभी असतात, त्याची कारकीर्द लवकर आटोपते. लय आणि भाषेवर पात्र उभे करणाऱ्याला म्हातारपण अडवत नाही.

बुनराकूच्या शिक्षणात गायन, संवाद आणि या दोहोंच्या मधली तरंगती वाणी असे तीन स्तर वेगळे शिकवले जातात. चित्रकथीतही पद, संवाद आणि निरूपण असे तीन स्तर आहेत. एका स्तरावरून दुसऱ्यावर जाण्याची जागा हेच एककंठी कलेचे मर्म. पदाचा शेवटचा सूर संपता संपता पात्राचे बोलणे सुरू व्हायला हवे आणि श्रोत्याला सांधा जाणवता कामा नये.

५. कारकिर्दीचे टप्पे

आवाजाच्या कारकिर्दीत साधारण चार टप्पे दिसतात : साथ, पाठ, सूत्र आणि वारसा.

साथीच्या टप्प्यात मूल मोठ्यांच्या मागे बसून टाळ धरते आणि ध्रुपद उचलते. पाठाच्या टप्प्यात आख्यान तोंडपाठ होते. सूत्राच्या टप्प्यात तो स्वतः मुख्य कथेकरी किंवा सूत्रधार होतो. वारशाच्या टप्प्यात त्याचे मुख्य काम दुसऱ्याचा कंठ घडवणे हे असते. परशुराम गंगावणे यांच्या आयुष्यात हा शेवटचा टप्पा ठळक दिसतो. पिंगुळीत त्यांनी घरच्या गोठ्याचे रूपांतर करून ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले, जुन्या पोथ्या आणि बाहुल्या जपल्या, मुलांना कला दिली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गौरव एका व्यक्तीचा झाला, तसा एका उपेक्षित कंठपरंपरेचाही झाला.

आता याच्या शेजारी मासाको नोझावा यांची कारकीर्द ठेवू. जन्म 1936, टोकियो. बालनटी म्हणून सुरुवात. दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात परदेशी मालिकांना जपानी आवाज देण्याचे काम. 1968 मध्ये ‘गेगेगे नो कितारो’ या मालिकेत कितारो या भूतकुळातल्या मुलाचा आवाज. 1986 पासून ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू. गोकू मोठा झाला, त्याला मुले झाली, आणि त्या दोन्ही मुलांचे आवाजही नोझावा यांनीच दिले. म्हणजे पात्रकंठी व्यवसायात राहूनही बाप आणि दोन मुलगे यांचा संवाद एकाच कंठातून चालवायचे एककंठी काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे 2018 च्या कितारो मालिकेत त्यांनी कितारोच्या वडिलांचा आवाज दिला. मुलाच्या भूमिकेपासून पन्नास वर्षांनी त्याच कथेतल्या बापाच्या भूमिकेपर्यंतचा हा प्रवास आहे.

विशेष म्हणजे कितारो हे पात्र मुळात कामिशिबाईतले. गल्लीत चित्रे दाखवत सांगितलेल्या गोष्टीतून ते चित्रपुस्तकांत गेले आणि तिथून दूरचित्रवाणीवर आले. चित्र दाखवत गोष्ट सांगणाऱ्याचा कंठ गल्लीतून उठला, तरी त्याचे पात्र दुसऱ्या कंठाच्या आधाराने जगले. पिंगुळीच्या पोथ्यांतल्या पात्रांना अशी पुढची वाट अजून मिळालेली नाही, आणि ती मिळावी असे मला मनापासून वाटते.

६. कारकीर्द कशावर उभी राहते

इथे मूळ सिद्धान्ताची परीक्षा आहे. सिंधुदुर्गातच दोन परंपरांची अवस्था इतकी भिन्न का?

दशावतार आज जोमात आहे. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि शिमग्याच्या पुढेपर्यंत गावोगावच्या देवळांत नाटके रंगतात. पालखी फिरली, की मध्यरात्रीनंतर नाटक, पहाटे दहीकाला. अमुक देवळाच्या जत्रेला अमुक मंडळ, असे संबंध कित्येक ठिकाणी पिढ्यांपासून चालत आले आहेत. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, खानोलकर ही मंडळांची नावे म्हणजे गावागावांशी झालेल्या अलिखित करारांची नावे आहेत. या पंचांगामुळे तरुण नटाला ठाऊक असते की, हंगामात रात्रीमागून रात्री काम आहे. रोजच्या कामातूनच लय आणि भाषेचा साठा वाढतो. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोकांनी ‘लोकराजा’ म्हटले. ते गेले, तेव्हा तळकोकण हळहळले. असा नट घडायला अंगची प्रतिभा लागते, आणि तिला वर्षानुवर्षे उभे करणाऱ्या रात्रीही लागतात.

चित्रकथीलाही एके काळी असे पंचांग होते. सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा आश्रय होता. देवळांतून, विशेषतः नवरात्रात, पोथी सांगण्याचा मान होता. राजाश्रय सरला, देवळांतली बोलावणी घटली, करमणुकीची नवी साधने आली. पोथ्या दलालांमार्फत संग्राहकांकडे आणि संग्रहालयांकडे गेल्या. काही चित्रे पैठणच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पिंगुळीच्या कंठांत काही उणे झाले नव्हते. त्यांच्या दिनदर्शिकेतल्या तारखा पुसल्या गेल्या.

जपानचा इतिहास हेच सांगतो. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून सर्व पात्रे बोलणारे निवेदक, बेन्शी, इतके लोकप्रिय होते की, प्रेक्षक त्यांच्या नावावर चित्रपटगृह निवडीत. बोलपट आले आणि 1930 च्या दशकात तो व्यवसाय मोडला. त्यांतले कित्येक कामिशिबाईकडे वळले. 1953 मध्ये दूरचित्रवाणी आली आणि पुढे कामिशिबाईही ओसरली. मग 1963 मध्ये ‘तेत्सुवान आतोमु’ ही साप्ताहिक चित्रमालिका सुरू झाली आणि आवाजाच्या नटाला नवे पंचांग मिळाले : दर आठवड्याला एक भाग. नोबुयो ओयामा यांनी 1979 ते 2005 अशी सव्वीस वर्षे डोरेमॉनला आवाज दिला, तो या पंचांगाच्या जोरावर. ही व्यवस्था आपोआप न्याय्य झाली नाही. मानधनासाठी तिथल्या आवाजाच्या कलावंतांना 1973 मध्ये संप करावा लागला.

बुनराकूला बाजाराचे बळ नव्हते, तिथे राज्याने आधार दिला. 1955 पासून थोर कलावंतांना ‘मानवी राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान आणि वार्षिक साहाय्य मिळू लागले. 1972 पासून बाहेरच्या तरुणांसाठी प्रशिक्षण सुरू झाले. 1984 मध्ये ओसाकात राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृह उघडले. सातवे ताकेमोतो सुमितायू यांचा जन्म 1924 चा. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रंगमंचावर आले आणि 2014 मध्ये, 89 व्या वर्षी निवृत्त झाले. कंठ एवढा दीर्घायुषी ठरला, कारण त्याला जायला नाट्यगृह होते आणि मागे शिष्य होते.

जत्रा, साप्ताहिक मालिका, सरकारी नाट्यगृह, आकाशवाणीचा स्टुडिओ : या चार व्यवस्थांत पैसा, धर्म आणि तंत्र यांचा मेळ निरनिराळा आहे. पण ठरलेली तारीख चौघींत समान आहे.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, अस्सल प्रतिभा व्यवस्थेवाचूनही तग धरते. एखादी व्यक्ती धरते, हे खरे. परंतु कारकीर्द म्हणजे एका माणसाची चिकाटी एवढेच नव्हे. शिकणारा, शिकवणारा आणि ऐकणारा यांची साखळी तिच्यात येते. बेन्शींची प्रतिभा बोलपट आल्याच्या दिवशी नाहीशी झाली नव्हती; साखळी तुटली होती.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. यंत्र आता माणसाच्या आवाजाची नक्कल करते, मग कंठ कशाला घडवायचे? जपानच्या आवाजाच्या कलावंतांनी 2024 मध्ये आपल्या आवाजाच्या विनापरवाना यांत्रिक नकलेविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. त्यांचा प्रश्न हक्काचा आहे आणि तो न्याय्य आहे. कलेच्या अंगाने पाहिले, तर यंत्र पट्टी आणि घुमारा चटकन उचलते. समोरच्या प्रेक्षकाचा श्वास पाहून लय बदलणे आणि त्या रात्रीच्या गावाला साजेल असे वाक्य जागच्या जागी रचणे, हे माणसाचे काम आहे. चित्रकथी आणि दशावतार याच दोन अंगांवर उभे आहेत. म्हणून यंत्राच्या काळात त्यांचे मोल वाढते.

८. निष्कर्ष आणि त्यातून येणारे कर्तव्य

विवेचनाचे सार तीन विधानांत मांडता येईल. आवाजाच्या अभिनयात पात्रभेद चार अंगांनी होतो आणि दीर्घ कारकीर्द लय व भाषा या दोन अंगांवर चालते. ही दोन अंगे नित्याच्या सादरीकरणाशिवाय वाढत नाहीत. नित्याचे सादरीकरण पंचांगातल्या ठरलेल्या तारखेने मिळते.

हे मान्य असेल, तर पिंगुळीसाठी काय करायचे तेही स्पष्ट आहे. पुरस्कार हवेतच, पण पुरस्कार आयुष्यात एकदा येतो. जिल्ह्यातल्या देवस्थानांनी नवरात्रातली एक रात्र चित्रकथीला पुन्हा नेमून द्यावी. पर्यटकांसाठीच्या थोड्या वेळाच्या सादरीकरणात दोन-चार पात्रांपुरताच आवाज लागतो, म्हणून संपूर्ण पोथी, सर्व पात्रांसह, अनुभवी कथेकऱ्यांच्या कंठात ध्वनिमुद्रित व्हावी. जिल्ह्यातल्या शाळांनी मराठीच्या तासाला वर्षातून ठरावीक वेळा कथेकरी बोलवावा आणि त्याला मानधन द्यावे. आकाशवाणीच्या कोकणातल्या केंद्रांनी आठवड्याची एक वेळ या आवाजांना द्यावी. यांतली एकही गोष्ट खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. टोकियोत आठवड्याच्या एका तारखेने मासाको नोझावांना अर्धशतक काम दिले. पिंगुळीतल्या गुढीपूर वाडीतल्या मुलांना तशी एक तारीख देणे सिंधुदुर्गाच्या हातात आहे.